उभ्या गाडीच्या बासष्ट फ्रेम

मी ढोकीला राहतो आणि वजनकाट्यावर काम करतो. उसाचा ट्रॅक्टर आला की भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, ऊस उतरवून परतला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, आणि वजाबाकी लिहायची. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे आकडा दिसल्याशिवाय माझं कशावर मन बसत नाही. बाजारातून आणलेली वांगी मी घरी पुन्हा तोलतो, हे खरं आहे. बायको पाहुण्यांना सांगते तसा कढीपत्ता मात्र मी कधी तोललेला नाही.

गेमिंगचा लॅपटॉप आमच्या घरात आला तो माझ्या वडिलांसाठी. त्यांना सगळे आबा म्हणतात. वय शहात्तर. आबा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते, बरीच वर्षं परंडा-कुर्डुवाडी फेरीवर. निवृत्तीनंतरही हात थांबले नव्हते. आमची जुनी जीप तेच चालवायचे, लग्नाचं वऱ्हाडसुद्धा न्यायचे. गेल्या वर्षी लायसनची मुदत संपली. नव्या लायसनसाठी डॉक्टरांनी डोळे तपासले आणि डावा डोळा नापास केला. आबांनी घरी येऊन लायसन माझ्या हातात दिलं. "ठेव कुठंतरी," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून जीपमध्ये ते पुढच्या सीटवर बसेनात, स्टँडवर चहाला जाणं बंद झालं, आणि दुपारचे चार वाजले की खाटेवर बसून दाराकडे बघत राहायचे. ती त्यांच्या फेरीची वेळ होती.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत आली तेव्हा तिनं मैत्रिणीकडून खेळण्यातलं वाटावं असं एक स्टिअरिंग आणि दोन पेडल मागून आणली, स्टिअरिंग टेबलाला आवळलं आणि आपल्या लॅपटॉपवर बस चालवायचा गेम लावला. आबा आधी नको म्हणाले, मग बसले. बस निघाली. पहिल्या वळणावर चित्र जागीच थिजलं, मग एकदम उडी मारून पुढं गेलं, आणि बस थेट शेतात. आबांनी हात काढून घेतले.

"गाडी झटके घेती," ते म्हणाले. "मागच्या सीटवर म्हातारी बसली आसंल तर तिची मान जाईल."

"आबा, मागं कुणी न्हाय. गेम हाय ह्यो," मुलगी म्हणाली.

"खिडकीत मुंडकी दिसत्यात की."

मुंडकी दिसत होती, हे मीही पाहिलं. तिनं पुष्कळ आर्जवं केली. शेवटी आबा म्हणाले, "चांगली गाडी आणा. आजून एकदाच बसतो. तिनंबी हिसका दिला तर परत ह्या घरात गाडीचं नाव काढायचं न्हाय."

आबा बोललेला शब्द फिरवत नाहीत. संधी एकच होती.

मुलीनं मला समजावलं की तिच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. पडद्यावरची चित्रं काढायचं काम ते कार्ड करतं. एका सेकंदाला जितकी जास्त चित्रं, म्हणजे फ्रेम, तितकी गाडी सुरळीत. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये असं कार्ड असतं, आणि त्यातलं सगळ्यात खालच्या पायरीचं आपल्याला पुरेल. मी दोनशे पानी वही घेतली.

पहिल्या दिवशी मी कार्डांच्या नावातले आकडे लिहिले. १६५०, २०५०, ३०५०, ४०५०. मला वाटलं, झालं काम. ट्रॅक्टरला जसा हॉर्सपॉवर, तसा इथं हा आकडा. मुलगी हसली. "पप्पा, ते नाव हाय, वजन न्हाय." दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक कार्डाची मेमरी लिहिली, चार जीबी, सहा जीबी. तिसऱ्या दिवशी कळलं की एकच ३०५० एका लॅपटॉपमध्ये पस्तीस वॅटवर चालतं आणि दुसऱ्यात ऐंशीवर. पातळ लॅपटॉपला गरमी सोसत नाही म्हणून कंपनी कार्डाला कमी वीज देते, आणि डब्यावर नाव तेच छापते. यावर मी दिवसभर बेचैन होतो. आमच्या काट्यावर कुणी असं केलं असतं तर लोकांनी काटा उपटून नेला असता.

चौथ्या दिवशी वहीत अकरा रकाने झाले होते. बायको चहा ठेवताना म्हणाली, "अहो, आपल्या लग्नाला तुमी एवढी चौकशी केली न्हवती."

"तेव्हा वही न्हवती," मी म्हणालो.

"वही आसती तर मी किती वॅटची निघाले आसते?"

मी वही मिटली. आकडा सांगणं दोन्ही बाजूंनी धोक्याचं होतं.

कागदावर लिहिलेलं वजन मी नोकरीत कधी मानलं नाही. गाडी काट्यावर चढवायची. म्हणून ठरवलं की धाराशिवच्या दुकानात जाऊन आबांना प्रत्यक्ष बसवायचं. मी, मुलगी आणि आबा बसनं निघालो. स्टिअरिंग पिशवीत मावेना, तेव्हा आबांनी ते मांडीवर घेतलं. कंडक्टरनं तिकिटं फाडताना पाहिलं आणि विचारलं, "काका, आमच्या ड्रायव्हरवर इस्वास न्हाय व्हय?"

"तुमचं निघालं तर आसावं जवळ," आबा म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी ते कुणाची तरी चेष्टा करत होते. मी बाहेर बघायचं सोंग केलं.

दुकानदार माझ्याच वयाचा, सोशिक माणूस. मी विचारलं, "हे कार्ड किती वॅटवर चालतं?"

तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक रंग विचारतंय. फार तर मेमरी विचारतंय. वॅट आजवर कुणी विचारला न्हाय."

"मग आज शोधू."

माझ्या यादीतले दोन लॅपटॉप त्याच्याकडे होते. एक पातळ, देखणा, ३०५० कार्डाचा. दुसरा जाडजूड, पाठीमागं मोठ्या जाळ्यांचा, २०५० कार्डाचा. वहीत पातळ लॅपटॉपला पहिला नंबर होता, नावात हजार जास्त होते म्हणून. ते नाव आहे, वजन नाही, हे शिकूनही माझा हात पहिल्या दिवसाचाच राहिला होता. मुलीनं दोन्हींत तोच गेम घातला, तोच घाटरस्ता, तीच रहदारी. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दिसेल अशी सोय केली. मी घड्याळ काढून ठेवलं. दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद.

आधी पातळ लॅपटॉप. आबा स्टिअरिंगवर बसले, आरसा बघितल्यासारखी मान वळवली, पेडलवर पाय ठेवला. मी नोंदी सुरू केल्या. बासष्ट. बासष्ट. एकसष्ट. बासष्ट. मी आतून खूश झालो. दुकानदारालाही दाखवलं. चार मिनिटांत आठ नोंदी, सरासरी एकसष्ट पूर्णांक सात. इतकी एकसारखी नोंद मी काट्यावरही क्वचित पाहिलेली आहे.

मग दुकानदार हळूच म्हणाला, "साहेब, गाडी हालंना."

मी पहिल्यांदा चित्राकडे पाहिलं. बस स्टँडातच उभी होती. वेगाचा काटा शून्यावर.

"हँग झालं वाटतं," दुकानदार म्हणाला. "नवा पीस हाय तरी."

"हँग न्हाय," मुलगी म्हणाली. "मागची माणसं चालत्यात बगा. आबा, उजवं पेडल दाबा."

आबा हलले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मला भीती वाटली की डोळ्यांना दिसेना झालं, किंवा मनातून उतरलं. मी वाकून विचारलं, "आबा, काय झालं?"

"काय हुयाचंय," ते म्हणाले. "बेल कोण देणार?"

कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय आबांनी उभ्या जन्मात गाडी हलवली नव्हती. चार मिनिटं ते बेलची वाट बघत होते, आणि मी उभ्या गाडीच्या फ्रेम मोजत होतो. मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती. मी खिशातलं पेन काढलं आणि दुकानदारानं दिलेल्या चहाच्या ग्लासावर दोनदा वाजवलं. टिंग टिंग.

गाडी सुटली.

त्या आठ नोंदींवर मी काट मारली आणि पुन्हा सुरुवात केली. पहिली पाच मिनिटं झकास गेली. मग लॅपटॉप गरम झाला, पंखा घोंघावू लागला, आणि आकडे घसरले. अठ्ठावन्न, साठ, एकतीस, सत्तावन्न, अठ्ठावीस. सरासरी तरीही पन्नासाच्या आसपास येत होती. घाटाच्या वळणावर चित्र अडखळलं. आबांनी ब्रेक दाबला, गाडी बाजूला घेतली, आणि म्हणाले, "पळती चांगली. पर गतिरोधकावर घातल्यागत हिसका देती."

"सरासरी चांगली हाय, आबा," मी म्हणालो.

"सरासरी बसती का मागच्या सीटवर?"

एक संधी म्हणाले होते, आणि ती मी चुकीच्या गाडीवर खर्च केली होती. आबा उठायला लागले. त्यांच्या मागं मुलगी उभी होती. तिनं खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

"आबा, ही गाडी डेपोत लागली. प्रवासी तसंच खोळंबल्यात. दुसरी गाडी लागली हाय फलाटाला, त्यांना न्यायला नको?"

आबांनी पडद्याकडं पाहिलं. खिडकीत मुंडकी होती. "आता त्यांना मधेच सोडून कसं चालंल," ते पुटपुटले, आणि बसले.

जाड लॅपटॉप लावला. इथं मुलीनं एक गोष्ट माझ्या नकळत केली: गेमला सांगितलं की सेकंदाला चाळीसच्या वर फ्रेम काढायच्याच नाहीत, म्हणजे कार्ड फार तापणार नाही आणि आकडा मधेच कोसळणार नाही. मी पेन वाजवलं. गाडी निघाली. चाळीस. चाळीस. एकोणचाळीस. चाळीस. मला वाटलं, पुन्हा उभीच आहे का. पाहिलं तर ती वळणावर वळण घेत घाट चढत होती. वीस मिनिटं गेली. हात लावून बघितलं, तर लॅपटॉप गरम होता पण पंखा एका सुरात चालला होता. आबांचा डावा हात गिअर शोधत टेबलाच्या कडेला दोनदा आपटला. एका वळणावर ते स्वतःशीच म्हणाले, "येडशीचा घाट उतरताना आसंच धरावं लागतंय." शेवटच्या थांब्यावर गाडी लावून त्यांनी हँडब्रेक ओढल्यासारखं केलं.

"ही बरी हाय," एवढंच म्हणाले.

वहीत मी पहिल्या क्रमांकाचं नाव खोडलं. अकरा रकान्यांत 'सर्वांत कमी फ्रेम' हा रकानाच नव्हता. समासात तो बारावा आखला. दुकानदारानं त्या पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. म्हणाला, गिऱ्हाइकांना दाखवीन. परतीच्या बसमध्ये मुलगी म्हणाली, "पप्पा, ते बासष्टचं पानबी द्या की त्यांना." ते मी दिलं नाही.

लॅपटॉप घरी आला त्या दिवशी चार वाजता आबा स्वच्छ धुतलेला सदरा घालून टेबलापाशी आले. बसले, आणि उठले.

"माझं लायसन कुठं ठिवलंस?"

"कपाटात हाय. पर मुदत संपली की, आबा."

"ह्या गाडीला डोळा तपासत न्हाइत ना? आण. बिगर लायसनचं आपण चालवत न्हाय."

मी आणून दिलं. त्यांनी ते वरच्या खिशात ठेवलं, खिशावर एकदा थाप मारली आणि स्टिअरिंग धरलं. मी ग्लास शोधू लागलो, तेवढ्यात बायकोनं देवघरातून छोटी घंटा आणून माझ्या हातात दिली.

"वाजवून परत जाग्यावर ठेवा," ती म्हणाली. "आन् काट्यावर कुणी इचारलं तर सांगा, बढती झाली, कंडक्टर झालो."

मी घंटा दोनदा वाजवली. आबांनी आरशात पाहिल्यासारखी मान वळवली, मागच्या सीटपर्यंत नजर टाकली, आणि गाडी इतकी अलगद काढली की मला कळलंच नाही कधी सुटली ते. मी वहीत वेळ लिहिली: चार वाजून दोन मिनिटं.

"दोन मिनिटं लेट," आबा समोरच बघत म्हणाले. "कंडक्टर नवा हाय."