मत्रहच्या जुन्या बल्बांची केस

मस्कतमध्ये चार इंजिनिअर जमले, की पगार आणि पारा यांच्यावर बोलून झालं की किस्सेच निघतात. आमच्या रुवीच्या टेस्टिंग लॅबला तर एकाच केसने पोतंभर किस्से दिले!

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याहून गेलेले, आणि माझे साहेब रत्नागिरीचे पारकरभाई. एका परदेशी कंपनीने मत्रहच्या बाजारातल्या दुकानदार जेठाशेठवर दावा ठोकला, की न लुकलुकता पेटणारा सीएफएल हा आमचा शोध, तुम्ही नक्कल विकता. शेठ म्हणत, तुमच्या पेटंटच्या आधीपासून विकतोय. हरले तर दुकानाला कुलूप. कोर्टाने त्यांचे जुने बल्ब आमच्याकडे तपासायला पाठवले.

*

बल्ब आले खजुराच्या खोक्यांतून. कंपनीचा वकील म्हणाला, "इतना पुराना माल कौन रखता है?"

"जिसका बिकता नहीं," शेठ म्हणाले.

*

शेठ दर लक्ष्मीपूजनाला नव्या मालातल्या पहिल्या बल्बला कुंकू लावत. वकिलाने नेमका तो डाग पकडला. पुराव्याशी छेडछाड झालीय, डागाचीही तपासणी करा!

पारकरभाईंनी केली. रिपोर्टमध्ये लिहिलं, "लाल डाग: कुंकू. प्रकाशावर परिणाम: नाही." मला हळूच म्हणाले, "धंद्यावर काय होता, ता शेठ जाणे."

*

कंपनीचा तज्ज्ञ आला त्या दिवशी लॅबचा एसी बंद पडला. टेस्ट पंचवीस डिग्रीलाच व्हायला हवी, म्हणून तो अडून बसला. मी म्हटलं, "इथे लोक बल्ब अंगणात लावतात, फ्रीजमध्ये नाही." शेवटी एक टेस्ट उकाड्यात आणि एक एसी सुरू झाल्यावर, अशा दोन्ही घेतल्या. बल्ब दोन्ही वेळा पहिल्या झटक्यात पेटला. तोवर तज्ज्ञाचा टाय खिशात गेला होता.

*

पेटंटच्या आधीचा तो बल्ब उघडला, तर आत पेटंटमधलंच सर्किट. वकील तडक आमच्या अर्बाबकडे, म्हणजे लॅबच्या ओमानी मालकाकडे गेला. कंपनी मोठं गिऱ्हाईक. अर्बाबने आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"लिखो, मालूम नहीं. खलास."

"मालूम है, अर्बाब," पारकरभाई म्हणाले.

"नोकरी जाएगी."

पारकरभाईंच्या मुलींची शिक्षणं त्याच पगारावर चालली होती. माझं डोकं असं तापलं, की भीती वाटायचीच राहून गेली.

"पासपोर्ट आपकी अलमारी में है," पारकरभाई शांतपणे म्हणाले. "टिकट खिडकीवाली निकालना."

"दो निकालना," मी म्हटलं.

अर्बाबने हातातली माळ टेबलावर ठेवली. मग उठला, कपाट उघडलं आणि पारकरभाईंचा पासपोर्ट त्यांच्या हातात ठेवला.

"कल कोर्ट में गवाही है," तो म्हणाला. "पहचान दिखानी पड़ेगी."