घाबरकाकू

मुलांनी घाबरू नये म्हणून घरोघरी सगळे जिवाचं रान करत असतात. माझ्या ओळखीत एकच बाई अशी आहे, जी मुलांना नीट घाबरायला शिकवते.

भुताखेतांच्या सिनेमांत कामं करणाऱ्या मुलांचा वर्ग ही बाई चालवते. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, भिंतीला उंच आरसा, खाली दोन सतरंज्या, झाली शाळा. मुलं त्यांना घाबरकाकू म्हणतात आणि त्या निमूट 'ओ' देतात.

त्याआधी एकतीस वर्षं त्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होत्या. डॉक्टर दाताकडे बघायचे आणि उरलेल्या मुलाकडे काकू. भीती अंगात कुठून शिरते, कुठे दबा धरून बसते, हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

"डोळे काय वटारताय?" त्या वर्गात म्हणतात. "डोळ्यांचा नंबर शेवटी. आधी पायाचे अंगठे आखडतात, मग पोट आत जातं, मग श्वास अडकतो. तुम्ही गच्चीवरून घर बांधायला घेतलंय."

भाचीला सोडायला गेलो असताना एकदा त्यांनी मलाच उभं केलं. "मामा, घाबरून दाखवा." मी जीव तोडून घाबरलो. काकूंनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही भीती नव्हे. हे अपचन आहे."

भाचीला अंगकाठीमुळे घरात सगळे मुंगी म्हणतात. वय वर्षं नऊ. तिला एका सिनेमात काम मिळालं आणि दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. प्रसंग असा, की मुलगी कपाटात लपली आहे, दाराच्या फटीतून तिला भूत येताना दिसतं, आणि तिला ओरडायचं नाही. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मुंगी तीनदा कपाटात शिरली आणि तीनदा दार ढकलून बाहेर आली. भुताचं तिला काही नव्हतं. बंद कपाटाने तिची बोबडी वळत होती. दिग्दर्शक माणूस बरा होता, पण घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. "मामा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघू. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे." दुसरी मुलगी तिथेच होती, वडिलांशेजारी खुर्चीवर, केस विंचरून. मुंगी तिच्याकडे बघेना आणि माझ्याकडेही बघेना. मी काकूंना फोन लावला.

काकू आल्या त्या तडक कपाटात शिरल्या. त्यांच्या देहाचा विचार करून ते कपाट बनवलेलं नव्हतं; सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर येऊन त्यांनी दिग्दर्शकाला गाठलं.

"हिचा डावा हात वर गेला, की सगळं बंद. का, कशाला, विचारायचं नाही."

"अहो, पण मधेच?"

"मधेच. खरं घाबरलेल्या मुलाला अभिनय सुचत नाही. त्याला आई सुचते."

मुंगी चौथ्यांदा आत गेली. समोरच्या छोट्या पडद्यावर तिचा चेहरा दिसू लागला. भूत दोन पावलं पुढे आलं, मुंगीचा श्वास अडकला, आणि डावा हात हळूहळू वर गेला.

"काय सुरेख हात आला," दिग्दर्शक पुटपुटला. "चालू ठेवा."

काकू उठल्या आणि सरळ भूत आणि कपाट यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. दिवे, कॅमेरा, भूत, सगळं थांबलं.

"काकू, अहो, काय शॉट होता."

"असेल. हात वर होता."

दार उघडलं. मुंगी शांतपणे बसलेली. दिग्दर्शकाने न राहवून विचारलंच, "काय झालं गं?"

"काही नाही. खरंच थांबतं का, ते बघत होते."

तिकडे दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी तिची रिबीन सारखी केली. मी "अगं कार्टे" म्हणून तोंड उघडलं, तर काकूंनी माझा दंड धरला.

"मामा, गप बसा. दातांच्या खुर्चीत बसलेलं प्रत्येक पोर हेच करतं. पहिला हात दुखलं म्हणून नसतो, तो आपली परीक्षा घेतो. आपण पास झालो." मग दिग्दर्शकाकडे वळून, "आता घ्या."

त्याने घड्याळ पाहिलं, रिबीन पाहिली आणि म्हणाला, "एकदाच."

मुंगीने दार स्वतः ओढून घेतलं.

पुढचं मला धड सांगता येणार नाही. तो चेहरा ती जन्मली त्या दिवसापासून मी पाहत आलोय. पडसं झालेला, रुसलेला, खोटं बोलताना लाल झालेला. पडद्यावर तो आधी अगदी रिकामा होता. मग खालून काहीतरी चढत आलं, पाण्यासारखं, सावकाश. गळ्यापाशी आलं. ओठ किंचित उघडले आणि तसेच राहिले. समोरचं भूतसुद्धा एक पाऊल टाकायचं विसरलं. चाळीस माणसं त्या खोलीत होती, आणि दिव्याच्या तारेची गुणगुण ऐकू येत होती. दिग्दर्शक 'कट' म्हणेना. मुंगीने ती भीती तशीच तोलून धरली होती, भरलेली वाटी धरावी तशी, एक थेंब न सांडता.

"अहो, थांबवा आता," काकू हळूच म्हणाल्या. "श्वास घेऊ द्या पोरीला."

दिग्दर्शक भानावर आला. सावकाश चालत दुसऱ्या मुलीच्या वडिलांपाशी गेला आणि म्हणाला, "तुम्ही निघालात तरी चालेल."

ती मुलगी मात्र वडिलांचा हात सोडवून कपाटापाशी आली. मुंगी बाहेर येऊन फ्रॉक झटकत होती.

"तू खरंच घाबरली होतीस?"

"हो. खूप," मुंगी म्हणाली. "पण मला थांबवता येत होतं."

काकूंनी हे ऐकलं नाही. कपाटात एक खिळा वर आलेला होता. तो दाखवून त्या सुताराला झापत होत्या.