कोर्दोबाला नेलेलं तेल

मुलगा फोनवर म्हणाला, महिनाभर इकडे ये, आणि मला तेव्हाच संशय आला. बायको गेल्यावर माणसं उगाच गोड बोलायला लागतात. हा स्पेनमध्ये कोर्दोबा शहरात एका हॉटेलच्या कुजिनात, म्हणजे स्वयंपाकघरात, काम करतो. मी गेलो, पण तेलाची बाटली कपड्यांत गुंडाळून बरोबर नेली.

तेल हिनंच भरलेलं. हिचं माहेर गोव्यातलं शिरगाव, लयराई देवीचा गाव. म्हापशाच्या इगर्जेतली, म्हणजे चर्चमधली मेरीमाता, मिलाग्रीस सायबीण ही लयराईची बहीण असं आम्ही मानतो, आणि फेस्ताला, तिच्या जत्रेला, तिला तेल घालायला जातो. परमुलखात पोरगा सुखरूप राहू दे म्हणून ही दर फेस्ताला जायची. गेल्या साली बाटली भरली आणि ही फेस्ताआधीच वारली. सुतकात मला जाता आलं नाही. यंदा तेल पोचवायचंच होतं. बाटली घरी ठेवली असती तर शेजारणीनं डोक्याला लावून संपवली असती. शेजारीण म्हणाली, मला नको तुझं तेल, काळजी करू नकोस, म्हणून तर जास्तच संशय.

मुलानं एका सकाळी गाव दाखवायला नेलं. अरुंद गल्ल्या, पांढऱ्या भिंतींवर फुलांच्या कुंड्या. एक बाई लोकांना माहिती सांगत होती, हा मला मराठीत करून सांगत होता. मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, सगळे इथं सलोख्यानं राहायचे म्हणे. हा ज्यूंचा वाडा. मी विचारलं, मग ज्यू कुठं आहेत? हाकलले, म्हणाला. आणि मुसलमान? त्यांनाही, मागाहून.

"मग सलोखा कोणाबरोबर करतत हे?"

तो हसला. मी नाही.

पुढं मोठी मशीद. दारात मी सवयीनं चपला काढल्या आणि खांबाआड दडवल्या, चोरीला जातील म्हणून. पहारेकरी धावत आला, घाला म्हणून खुणा करायला लागला. आत लाल-पांढऱ्या कमानींचं रानच, आणि त्या रानाच्या मधोमध चक्क इगर्ज. देवाच्या घरात चपला घालून मी चोरासारखा चालत होतो.

एका कोपऱ्यात सायबिणीची मूर्ती दिसली. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तेल हयच घाल. सायबीण ती सायबीणच."

मी वाकून फरशी बघितली. म्हापशाला तेलानं पाय चिकटतात. इथं एक डाग नव्हता. इथं कुणाच्या आईनं कधी तेल घातलेलं नव्हतं. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला: तेल इथंच संपलं की मला परत जायचं कारणच उरत नाही.

"माझां परतीचां तिकीट काढलंस?"



"थय गोव्यात तुका कोण आसा आता?" तो म्हणाला.

"तिचां तेल आसा. तुझ्यासाठीचां."

पिशवीतली बाटली काढून मी त्याच्या हातात दिली. त्यानं बूच उघडलं, वास घेतला. घरच्या खोबऱ्याचं तेल, हिच्या केसांना यायचा तोच वास.  मग बूच घट्ट लावलं.

संध्याकाळी त्यानं तिकिटं काढली, फेस्ताच्या आधीची. दोन. दुसऱ्यावर त्याचं नाव होतं. बाटली मात्र मी परत मागून घेतली आणि उशाशी ठेवली. त्याचा काय भरवसा.