बाबांनी दिलेला अडॅप्टर

उमरखेडच्या स्टँडवर नागपूरची बस लागली तेव्हा बाबांनी माझ्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक जड वस्तू कोंबली. माझी राणू तुझ्या कडेवर होती, ताई. पाच वर्षांची पोरगी कडेवर मावत नव्हती, तरी तू तिला खाली सोडलं नाहीस. सोडली असतीस तर ती माझ्यामागे बसमध्ये चढली असती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी हातातल्या वस्तूकडे बघत राहिले. "काम सुरू कर अन् लेकराले घेऊन जाय," बाबा म्हणाले आणि बस सुटायच्या आधीच मागे वळून चालू लागले.

आपल्या घरचं तुला सगळं ठाऊक आहे, पण माझ्यासारख्या इकडे आलेल्या बायकाही हे पत्र वाचतील, म्हणून सांगते. आम्हा दोघी बहिणींचं पार्लर होतं. बोंडअळीची ती वर्षं. कापूस गेला की आधी काय बंद होतं, ते पार्लरवालीला विचारावं. दोन हंगाम नवऱ्या मुली घरीच वेणी घालून बोहल्यावर चढल्या आणि आम्ही एकमेकींचे केस धुवत बसलो. सुधीर, माझा नवरा, कॅनडात शिकायला आलेला. घर माझ्या कामावर चालायचं होतं, आणि काम लागल्याशिवाय राणूला आणायचं नाही असं ठरलं होतं.

इकडे येऊन केस सरळ करायची नवीन हेअर प्रेस घ्यावी, असं माझ्या मनात होतं. पण जुनीवर हात बसलेला. बाबाही म्हणाले, "नवी कायले घेतं? पिन बदलली की झालं." त्यांनी मला यवतमाळला नेलं. दुकानदारानं काउंटरवर पाच-सहा अडॅप्टर मांडले. चपट्या पायांचे, गोल पायांचे, तीन पायांचे. बाबांनी प्रत्येक खालीवर करून पाहिला आणि सगळ्यांत जड, सगळ्यांत जास्त भोकांचा निवडला. हा जगात कुठेही चालतो, असं दुकानदार म्हणाला. बाबांची सगळी नोकरी वीज ऑफिसात बिलं लिहिण्यात गेली, त्यामुळे विजेतलं आपल्याला कळतं असं त्यांना वाटायचं, आणि मलाही तसंच वाटायचं. प्रेसच्या दांड्यावर किती व्होल्ट लिहिलंय ते दोघांपैकी कुणीच वाचलं नाही.

इथल्या एका पंजाबी बाईच्या सलूनमध्ये मला ट्रायल मिळाली. एका गिऱ्हाइकाचे केस सरळ करून दाखवायचे, जमलं तर खुर्ची माझी. पिन बरोबर बसली. दिवा लागला, पण मिणमिणता. पट्टी नुसती कोमट. आणि ताई, मला वाटलं, व्होल्टेज कमी आहे! संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की आपली प्रेस अशीच व्हायची आणि आपण गिऱ्हाइकाला चहा देऊन बसवून ठेवायचो. मी मालकिणीला हिंदीत म्हटलं, लाइट जरा डिम आहे, थोडं थांबा. डोक्यावर सलूनचे दिवे लखलखत होते. शेजारच्या मुलीच्या प्रेसमधून वाफ निघत होती. तरी मी वीस मिनिटं हात बांधून, लाइट यायची वाट पाहत उभी राहिले.

मालकिणीनं चष्मा लावून प्रेसचा दांडा वाचला. ती ओरडली नाही. इथे वीजच निम्म्या व्होल्टची असते, अडॅप्टरनं फक्त पिन बदलते, असं तिनं शांतपणे समजावलं आणि आधी इथलं सामान घेऊन ये म्हणाली. मी सामान घेऊन गेले तोवर खुर्चीत दुसरी होती. पुढे दीड वर्ष मी गोदामात खोकी चिकटवली. त्या पगारात घर जेमतेम चालायचं, राणूचं येणं या सणावरून त्या सणावर जात राहिलं.

बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "अडॅप्टर चालून राह्यलं नं?" मी म्हणायची, हो बाबा, मस्त. त्यांना काय सांगणार होते? त्यांच्यामुळे लेकरू अडलं, असं? मग ते गावातून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला तोच अडॅप्टर घ्यायला लावू लागले. मी लाजेनं मरत होते आणि हो म्हणत होते.

शेवटी पैसे साठले आणि मागच्या महिन्यात सुधीर गावी जाऊन राणूला घेऊन आला. विमानतळावर ती त्याच्या मागे लपली. "मावशीले फोन लाव," हेच तिचं माझ्याशी पहिलं बोलणं. घरी तिची बॅग उघडली तर आत तुझा ड्रायर, तुझी प्रेस आणि बाबांनी तसाच गुंडाळून दिलेला दुसरा अडॅप्टर. पार्लर बंद केलंस, हे मला त्या बॅगेतून कळलं. माझं इकडे सलूनचं काम चांगलं चालतं, त्याला उपयोगी पडेल असं समजून तू हातातलं सामान देऊन टाकलंस. ताई, माझ्या खोटेपणानं तुझे हात रिकामे केले. बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, मला हिंमत नाही.

काल राणूनं न्हाऊन स्वतःच त्या अडॅप्टरला तुझा ड्रायर लावला. तो कण्हत फिरला, हवा गार. तिनं तो बंद केला, ओले केस पाठीवर सोडून पलंगावर मांडी घालून बसली आणि विचारलं, "लाइट डिम हाय का?"

या अख्ख्या देशात हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी नाही. मला घर म्हणून आता एवढंच उरलंय. ड्रायर उचलून मी त्यावरचा व्होल्टचा आकडा वाचला आणि तो तसाच खाली ठेवला.

"हो," मी म्हटलं. "येईल थोड्या वेळानं."

ती जरा सरकली, मला जागा केली. आम्ही दोघी वाट पाहत बसलो.