उद्यामास्तर आणि डोंगराच्या चुण्या

डोंगराच्या धारेवरचं पाचवं टेंगूळ उतरून पाहतात तो समोर सहावं उभं!

“दादा, अजून किती रे?” धाकट्या बहिणीने ओढणीने मान पुसत विचारलं.

दादाने गळ्यातला टेप काढून नकाशावर धरला. “साडेचार इंच.”

दादा बेचाळीस वर्षं शिंपीकाम करत होता. कपडे कधी मिळणार, या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर असे, म्हणून सगळे त्याला उद्यामास्तर म्हणत. हा नकाशाही तसाच हाती लागलेला. वनखात्यातल्या कुणी पँट सैल करायला टाकली, “उद्या या” ऐकता ऐकता त्याची बदली झाली, आणि पँट खिशातल्या नकाशासकट दुकानातच राहिली.

दुकान तिसऱ्या मजल्यावर. दादा जिना चढू लागला की गुडघे आधी वाजत, मग दादा दिसे. नर्स असलेली लेक म्हणाली, “बाबा, पुरे आता. शटर ओढा.”

“या गुडघ्यांनी मी त्या डोंगराची अख्खी धार फिरून येईन!”

“या की! पाचच्या आत पायथ्याच्या फाटकाशी उतरलात, तर दुकानाचं नाव काढणार नाही. नाही उतरलात, तर किल्ली माझ्याकडे.”

साक्षीला आत्या, म्हणजे दादाची ही बहीण. कारण आत्या खोटं बोलत नाही. रोज संध्याकाळी ती देवापुढे बसून दिवसभराचं सगळं त्याला सांगते, दूध उतू गेलं तेसुद्धा. खोटं बोललं तर तेही सांगावं लागणार. एवढा वेळ आहे कुणाला?

धारेवर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं, की बाटलीतलं पाणी चहाला चाललं असतं. नकाशावरून दादाने चार तासांचा हिशोब बांधला होता. सहाव्या टेंगळावर चार तास संपले, आणि पुढे सातवं दिसलं. दादा मटकन बसला.

“चुकलं गं. चुण्या धरल्याच नाहीत.”

“कसल्या चुण्या?”

“घेरदार झग्याला कापड तिप्पट लागतं, हे बायकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. आणि डोंगर मोजला सपाट चादरीसारखा!”

“मग उठ. चादर नाही तर नाही.”

दादा तिरीमिरीत उठला आणि टर्रकन आवाज झाला. बहिणीला वाटलं, गुडघा गेला. देवाचं नाव घेत ती वळली. गुडघा शाबूत होता. पँट मागच्या शिवणीतून उसवली होती.

“चल तसाच. इथे बघायला आहे कोण?”

“फाटकाशी लेक आहे. मी शिंपी आहे.”

टोपीच्या काठात त्याच्या दोन सुया कायम असत. बहिणीचा टॉवेल कमरेला गुंडाळून तो खडकाआड बसला.

“दोन टाके मार आणि चल, दादा!”

“दोन टाके? दुहेरी शिवण घालतोय.”

“कधी होणार?”

सवयीने तो म्हणणारच होता, पण जीभ चावली.

पुरी चाळीस मिनिटं गेली. मग मात्र दादा असा सुटला, की बहिणीची दमछाक झाली. उरलेली टेंगळं त्याने गुडघ्यांना बोलू न देता पार केली. शेवटच्या वळणावरून खाली फाटक दिसलं, फाटकाशी घड्याळ बघणारी लेकही दिसली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

दादाचा चेहरा उतरला. बहिणीचा मात्र खुलला. “अरे, वाचलास तू! वेळ गुडघ्यांनी खाल्लाच नाही, शिवणीने खाल्ला. ती चाळीस मिनिटं वजा कर, वीस मिनिटं आधीच पोचलो असतो. मी सांगते तिला. माझ्यावर विश्वास आहे तिचा.”

“नको!” दादाने तिचा हात धरला. “गुडघे म्हण.”

“वेडा आहेस का? दुकान जाईल.”

“जाऊ दे. बेचाळीस वर्षांत माझी शिवण उसवली म्हणून एक माणूस परत आलेला नाही. गुडघे काय, कुणाचेही जातात.”

“म्हणजे मी खोटं बोलू?”

“बोलू नकोस. काही विचारलंच तर खोक.” लेक हात हलवत वर येऊ लागली, तसा दादाने आवाज खाली आणला. “आणि हे बघ, संध्याकाळी देवापुढे बसशील ना, त्यालाही एवढं सांगू नकोस. तोही माझं गिऱ्हाईक आहे, देवळातला पडदा मीच शिवलाय.”