पळताना लागणारी बत्ती

रेणापूरहून लातूरकडे येताना गाडीने वेग घेतला की डॅशबोर्डवरची तेलाची लाल बत्ती लागायची. मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचो आणि थोडे थांबून पुन्हा चालू करायचो. बत्ती विझलेली असायची. शेजारी बसलेले वडील दर वेळी म्हणत, "ती बत्तीच खराब हाय."

गाडी त्यांची. डिझेलची, जुनी, दोन लाख किलोमीटर केव्हाच ओलांडलेली. शेत गावापासून लांब, त्या रस्त्याला बस नाही आणि गुडघ्यांमुळे मोटारसायकल सुटलेली. नांदेडला राहणाऱ्या मोठ्या भावाने फोनवर स्पष्ट सांगितले होते: इंजिनचे काम निघाले तर गाडी भंगारात द्यायची आणि वडिलांनी नांदेडला यायचे. त्यामुळे वडिलांनी कुठे राहायचे, हे त्या दिवशी गॅरेजमध्ये ठरणार होते.

लातूरचे गॅरेजवाले त्यांच्या जुन्या ओळखीचे. बत्तीचे ऐकून आणि किलोमीटरचा आकडा पाहून ते म्हणाले, "मामा, वय झालं इंजिनचं. बेअरिंग झिजले असतील. खोलावं लागंल."

"वय तर माझंबी झालंय," वडील म्हणाले. "मला खोलता का?"

तेल मोजायच्या पट्टीवर पुरेसे होते, पातळही झालेले नव्हते. गॅरेजवाल्यांनी बत्तीचा सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज जोडले. इंजिन गरम होते, गाडी उभी होती आणि काटा जिथे हवा तिथेच होता. ते काट्याकडे पाहत राहिले. बत्ती फक्त वेगात लागते आणि थांबून सुरू केले की विझते, हे मी त्यांना सांगितले.

"उभ्या गाडीत लागतच न्हाई?"

"नाही."

"मग हे उलटंच हाय." झिजलेल्या बेअरिंगमधून गरम तेल निसटते, त्यामुळे प्रेशर उभ्या गाडीत पडते आणि वेग दिला की चढते, असे त्यांनी समजावले. मग ॲक्सिलरेटर दाबून धरला. काटा चढला, थोडा वेळ टिकला आणि हळूहळू खाली सरकू लागला. इंजिन बंद केले, सगळे चहा प्यायले, पुन्हा चालू केले. काटा जागेवर.

पंपाला तेल ओढता येत नव्हते. खाली चेंबरमध्ये, जिथून पंप तेल घेतो, तिथे एक जाळी असते. वेगात काहीतरी तिच्यावर चिकटत होते आणि इंजिन थांबले की सुटून पडत होते. काय, ते चेंबर उतरवल्याशिवाय कळणार नव्हते.

चेंबर उतरले. जाळीवर काळपट तंतूंचा थर होता. गॅरेजवाल्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्यातला एक ओढून काढला आणि बोटांत चोळला.

"ही सुतळी हाय."

वडील वाकून पाहू लागले. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीचा पाइप जोडावर गळू लागला की आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा फासतात आणि आवळतात. तो जोड मग वर्षानुवर्षे गळत नाही. चेंबरचा तेल सोडायचा बोल्ट गळू लागला, तेव्हा वडिलांनी गाडीखाली शिरून त्यालाही तेच केले होते. गरम तेलात सुतळी आतल्या बाजूने सुटत गेली.

"मामा, ही गाडी हाय. हिला पाण्याचा पाइप समजला का?"

"पर गळायचं थांबलं का न्हाई?"

गॅरेजवाल्यांनी बोल्ट हातात घेऊन पाहिला. "थांबलं," ते म्हणाले.

तेलाविना बेअरिंग खरचटले असेल, ही शंका होती. खालून बेअरिंगची एक कॅप सोडून त्यांनी आतून नख फिरवले. कुठेही अडले नाही. जाळी धुतली, बोल्टाला नवे वायसर लावले, तेल आणि फिल्टर बदलले. पुन्हा वेग दिला. काटा चढला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

भावाचा फोन आला. इंजिन चांगले आहे, एवढे मी सांगितले. मग निघाले काय, असे त्याने विचारले. मी फोन वडिलांकडे दिला.

"जाळीत कचरा व्हता. काढला," ते म्हणाले. कचरा कसला, असे पलीकडून विचारले असावे. "सुतळी. मीच लावली व्हती."

भाऊ बराच वेळ बोलत होता. वडील "हाव, हाव" करत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "इथून पुढं बोल्टाला हात लावणार न्हाई. पर मी गावातच राहणार."

फोन माझ्या हातात देऊन ते चालकाच्या जागेवर जाऊन बसले.