आईला ओळखणारा ड्रॉवर

लातूरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक सागवानी कपाट आहे. त्याला तीन ड्रॉवर. वरच्यात चमचे, मधल्यात सांडशी-लाटणं, खालच्यात काय आहे ते कुणालाच नक्की माहीत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगलं की वरचा ड्रॉवर अडकून बसायचा. एकदा बायकोनं तो दोन्ही हातांनी ओढला तेव्हा अख्खा बाहेर आला आणि ती चमच्यांसकट खाली बसली. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "अहो, याला चॅनल बसवून घ्या. नाहीतर मी चमचे गादीखाली ठेवते."

सुताराला फोन केला. तो दोन रविवार "निघालोच" म्हणत राहिला. तिसऱ्या रविवारी मी स्वतःच हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"किती इंची पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

मी मापच घेतलं नव्हतं. दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. त्यानं शांतपणे टेप काढला, माझ्या दोन तळव्यांच्या मधे धरला आणि म्हणाला, "साहेब, हात हलवू नका."

चॅनल म्हणजे एकात एक सरकणाऱ्या लोखंडी पट्ट्या, मधे बारीक छर्रे. आतली पट्टी सोडवायला एक काळी खिट्टी दाबायची असते. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी पाय लावून ओढली. छर्रे स्वयंपाकघरभर उधळले. त्यातला एक तिसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीत सापडला. बायकोनं तो दाताखालून काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि माझ्याकडे बघत पुढचा घास घेतला.

दुसरी जोडी आणली. मग कळलं की चॅनलला दोन्ही बाजूंनी जागा लागते, म्हणजे ड्रॉवरच अरुंद करायला हवा. तो करवतीनं कापला तर जरा जास्तच अरुंद झाला. फट भरायला घरात लग्नपत्रिका रग्गड होत्या. चुलत मेहुण्याची पत्रिका सगळ्यात जाड निघाली. तिच्यावर डावं चॅनल घट्ट बसलं. ड्रॉवर एका बोटानं सरकू लागला. पुढच्या बाजूला किंचित उतार राहिला होता, पण तो माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हता, म्हणून मी त्याचा विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात आई आली. ती शिरूर अनंतपाळकडे गावी राहते. गुडघ्यांच्या इलाजासाठी महिना-दोन महिने आमच्याकडे मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चमचा घ्यायला कपाटापाशी गेली आणि हात लावायच्या आधीच ड्रॉवर सर्रकन उघडला.

"लई शहाणा खण हाय की रे," ती म्हणाली.

दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळीही. आई समोर उभी राहिली की ड्रॉवर उघडायचा. बायको उभी राहिली की ढिम्म. आईनं तिला मुद्दाम उभं करून बघितलं.

"जरा पुढं सरक. आता? न्हाई उघडला. बघ, मला वळखतो त्यो."

"आत्या, लोखंडाला काय ओळख असते," बायको म्हणाली. पण नंतर मी बाहेरून आलो तेव्हा ती एकटीच कपाटासमोर उभी होती. मला बघून तिनं ओटा पुसायला घेतला.

आठ दिवसांत गल्लीत बातमी झाली. आईनं चार बायकांना चहाला बोलावलं आणि चहाच्या आधी प्रयोग दाखवला. त्यात समोरच्या घरातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. त्या जवळून बघायला पुढं झाल्या आणि ड्रॉवर त्यांच्यासाठीही उघडला. आईचा चेहरा उतरला. मग तिनं विचारलं, "तुमचं माहेर कुठलं म्हणायचं, बाई?"

"उदगीर."

"तरीच," आई म्हणाली. तिचंही माहेर उदगीरकडचंच. "आपल्याकडच्या माणसाला वळखतो त्यो."

ते सगळ्यांना पटलं. बायकोचं माहेर मुदखेडचं, म्हणजे थेट नांदेड जिल्हा. त्या रात्री जेवताना ती मला म्हणाली, "सोळा वर्षं झाली मला या घरात येऊन. त्याला अजून मी परकीच का?"

"लोखंडाला ओळख नसते, तूच म्हणालीस."

"मग तुम्ही बसवलंय ना, तुम्हीच सांगा."

म्हणून दुसऱ्या दिवशी, आई डॉक्टरकडे गेली असताना, मी पोटावर झोपून कपाटाखाली बघितलं. कपाटाखालून पुढं आलेली लांब फरशी सुटली होती. तिच्या दुसऱ्या टोकावर कपाटाचे मागचे पाय होते. पुढच्या टोकावर आईसारखं वजनदार माणूस उभं राहिलं की मागचं टोक उचललं जायचं, कपाट केसभर पुढं झुकायचं आणि माझ्या त्या उतारावरून ड्रॉवर घरंगळायचा. बायको बिचारी अंगानं काडी. मी फरशीखाली सिमेंट भरलं, वर पाट ठेवला आणि ते रात्रभर वाळू दिलं.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटासमोर जाऊन उभी राहिली. ड्रॉवर उघडला नाही. ती जरा मागं सरून पुन्हा उभी राहिली. मग पदर सारखा केला आणि परत उभी राहिली. शेवटी तिनं हातानं ओढून चमचा घेतला आणि बाहेर जाऊन बसली. मी फरशीचं सांगायला गेलो तर म्हणाली, "सिमेंटचं काय सांगतोस? माझंच काही चुकलं असंल." भाकरी अर्धीच खाल्ली.

बायको स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काढा ते सिमेंट."

"तुलाच तर..."

"मला काय करायचंय. काढा."

सिमेंट फोडायला छिन्नी आणि अख्खी दुपार लागली. फोडताना फरशीचा कोपराही उडाला आणि ती आधीपेक्षा जास्तच डुगडुगू लागली. संध्याकाळी आई समोरच्या घरून आली, उभी राहिली, ड्रॉवर उघडला. तिनं आत बघितलं, मान हलवली. मग बायको भाजीत घालायला पळी घ्यायला गेली, तर ड्रॉवर तिच्यासाठीही उघडला. पहिल्यांदाच. ती पळी न घेता तशीच उभी राहिली.

"मीच सांगितलं त्याला सकाळी," आई म्हणाली. "म्हणलं, ही बी आपलीच हाय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताला अजून सिमेंट होतं. मी हात पाठीमागं घेतले. ती आईला म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, आत्या," आणि पळी घेऊन भाजीकडे वळली.